पाळणाऱ्याचाच तोटा

सोलापुरात बर्फाच्या पेटीतून येणारं पापलेट कधीकधी तळहाताएवढंही नसतं. स्वस्त पडतं, तव्यात चार मावतात, म्हणून आपण घेतो. १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट धरू नये, असा राज्याचा नियम आहे. २०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा मानही मिळाला. तरी एकदाही अंडी न घातलेला हा मासा ताटात येतोच.

नियमांची वाण नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते; त्यासाठी १९८१चा कायदा आहे. २०१६मध्ये माशांचा अख्खा थवा वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले, २०२१मध्ये दंड लाखांच्या घरात गेला. पण पाळणारा रिकाम्या हाताने परतावा आणि मोडणाऱ्याची नाव भरून यावी, असं होत असेल तर पाळणाऱ्याने किती वर्षं पाळायचं? मला हा प्रश्न मासळीपेक्षा न्यायाचा वाटतो.

कोळीवाड्यांचा स्वतःचा नियम होता. नारळी पुनवेला वाजतगाजत बंदरावर जायचं, दर्याला नारळ द्यायचा आणि मगच होड्या लोटायच्या. तोवर माशांची वीण होऊन पिल्लं जरा वाढलेली असत. सगळा गाव थांबत असे, म्हणून थांबणाऱ्याचं नुकसान नव्हतं. आता सरकारची पावसाळी मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते. पुनव पुढे असली तरी १ ऑगस्टला यांत्रिक नौका सुटतात, आणि रीत सांभाळणारा मागे राहतो.

आपल्या सोलापूरला समुद्र नाही, पण उजनी धरण आहे. करमाळ्याच्या काठावरचा भोई मोठ्या आसाचं जाळं टाकून बसतो. रात्रीतून कुणी बारीक आसाच्या जाळ्याने रोहू-कटल्याची बोटभर पिल्लं उपसून नेतो. सोडलेलं मत्स्यबीज वाढण्याआधीच संपतं.

एवढ्या पाण्यावर गस्त पुरणार नाही. लिलाव मात्र चार माणसांदेखत होतो. लहान मासळी तिथेच अडवावी, आणि दंड पकडणाऱ्याइतकाच घेणाऱ्या व्यापाऱ्यालाही व्हावा. बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवा, अशी मागणी पालघरकडच्या मच्छीमारांनीच केली आहे. ज्यांची चूल त्या दर्यावर पेटते तेच आणखी पंधरा दिवस थांबायला तयार आहेत. सरकारने ही मागणी मान्य करावी, आणि तो दिवस प्रत्येक यांत्रिक नौकेला सारखाच लागू करावा.