जनन की पुनरुत्पादन?

माझी नात यंदा दहावीला आहे. ग्वाल्हेरच्या शाळेत तिचे शिक्षण हिंदी माध्यमातून चालते. मध्यंतरी विज्ञानाचा धडा वाचता वाचता तिने विचारले, "आजोबा, पुस्तकात ‘जनन’ लिहिले आहे, शिकवणीच्या बाई ‘रिप्रॉडक्शन’ म्हणतात. आपल्या मराठीत काय म्हणायचे?" मी म्हणालो, "जनन म्हणतात, प्रजनन म्हणतात, पुनरुत्पादनही म्हणतात." तिचा पुढचा प्रश्न होता, "मग तिन्हींचा अर्थ एकच ना?" मी चटकन ‘हो’ म्हणून मोकळा झालो. ते उत्तर घाईचे होते, हे रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर लक्षात आले.

‘जनन’ हा शब्द ‘जन्’ या धातूपासून आला. त्याचा अर्थ जन्मणे, उत्पन्न होणे. ‘प्र’ हा उपसर्ग लागला की पुढे जाण्याचा, विस्ताराचा भाव येतो. ‘प्रजा’ हा शब्दही त्याच कुळातला. त्याचा मूळ अर्थ संतती. राजाची प्रजा हा अर्थ मागाहूनचा. ‘पुनरुत्पादन’ मात्र निराळ्या घडणीचे आहे. त्यात ‘पुनः’ आहे आणि ‘उत्पादन’ही आहे. जे होते तेच पुन्हा तयार करणे, असा त्याचा सरळ अर्थ. हा शब्द आपण इंग्रजी शब्दावरून बेतला.

युरोपातही हा शब्द पहिल्यापासून या अर्थी नव्हता. विल्यम हार्वे यांनी 1651 मध्ये प्राण्यांच्या उत्पत्तीवर लॅटिन ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनी वापरलेला शब्द ‘जनन’ या अर्थाचाच होता. 1712 मध्ये रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञांनी नदीतल्या शेवंड्यासारख्या कवचधारी प्राण्याचा तुटलेला पाय पुन्हा उगवतो, हे वर्णन करताना पुनरुत्पादनाचा शब्द योजला. तिथे तो अगदी चपखल होता. गेलेला अवयव पुन्हा येत होता. पुढे 1749 मध्ये ब्यूफाँ यांनी आपल्या निसर्गेतिहासात सजीवांच्या वंशवृद्धीसाठी तो वापरला आणि हळूहळू तोच रूढ झाला.

शब्दाच्या व्युत्पत्तीवरून निसर्गाचा नियम सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. म्हणून नातीचेच पुस्तक पुन्हा उघडले. अमीबा दुभंगतो तेव्हा दोन्ही भाग जवळजवळ सारखे असतात. बटाट्याच्या डोळ्यातून किंवा गुलाबाच्या फांदीतून उगवलेले रोप मूळ झाडाचेच रूप घेऊन येते. तिथे ‘पुनः’ शोभतो. परंतु चांगल्या कलमी आंब्याची कोय पुरली, तर त्याच चवीचे फळ मिळेल याची खात्री कोणी देत नाही. माणसाचेही तसेच. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र अपत्याकडे जाते. एवढ्यानेच एका पालकाकडून 83 लाख 88 हजार 608 प्रकारचे संच संभवतात. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचे स्मरण व्हावे असा हा आकडा. अर्थात हा निव्वळ योगायोग. जोडीतल्या गुणसूत्रांची आपापसांत अदलाबदल होते, ती वेगळीच. त्यात दुसऱ्या पालकाचा वाटा मिळाला म्हणजे जन्मणारे मूल पूर्वी कधी झालेले नसते.

मग ‘पुनः’ सर्वस्वी खोटा का? तसेही नाही. आंब्याच्या कोयीतून आंबाच उगवतो, बाभूळ उगवत नाही. जातीकडे पाहिले तर पुनरुत्पादन दिसते. व्यक्तीकडे पाहिले तर जनन दिसते. दोन्ही दृष्टी आपापल्या ठिकाणी खऱ्या आहेत. घोटाळा होतो तो व्यक्तीकडे जातीच्या नजरेने पाहिल्यामुळे. मूल पाळण्यात असतानाच आपण नाक कोणाचे, कपाळ कोणाचे याचा हिशेब मांडतो. त्यात कौतुक असते. पण पुढे त्याच हिशेबाची वसुली सुरू होते.

हा घोटाळा मी स्वतः केलेला आहे. जी नात मला अर्थ विचारत होती ती आमच्या घरी दत्तक आलेली आहे. तिला हे लहानपणापासून ठाऊक आहे आणि तिची संमती घेऊनच मी लिहीत आहे. सोळा वर्षांपूर्वी मुलाने व सूनबाईंनी हा विचार बोलून दाखविला, तेव्हा मी विरोध केला नाही. फक्त "पुन्हा विचार करा" एवढेच म्हणालो आणि दोन महिने तो विषय टाळला. घरातल्या वडीलधाऱ्याचे मौन काय सांगते, हे कोणाला समजत नाही? शासकीय सेवेत असताना वारसांच्या प्रकरणांत 1956 च्या कायद्यानुसार दत्तक अपत्याचा हक्क मी अनेकदा निःशंकपणे मान्य केला होता. फायलीवर जी सही सहज होत असे, ती घरच्या ओसरीवर करताना हात अडखळला. मनात ‘पुनः’ बसला होता.

वास्तविक आपणा मंडळींना तरी हा संकोच शोभत नाही. ज्या गादीच्या आश्रयाने आमचे पूर्वज इथे आले, त्या ग्वाल्हेरच्या गादीवर 1827 मध्ये जनकोजीराव आणि 1843 मध्ये जयाजीराव दत्तक म्हणूनच बसले. कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळरावांना महाराणी जमनाबाईंनी 1875 मध्ये दत्तक घेतले. तेच बडोद्याचे सयाजीराव. याउलट झाशीच्या दामोदररावांचे दत्तकविधान डलहौसीने अमान्य केले आणि 1854 मध्ये राज्य खालसा केले. राणीची समाधी आमच्या फूलबागेजवळ आहे. तिथे नमस्कार करणारा मी, माझ्या ओसरीवर मात्र डलहौसीच्या बाजूने उभा राहिलो होतो.

जन्माने काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आता वयाने शिकविले. धाकट्या मुलाची दोन मुले परगावी वाढली. ती माझ्या रक्ताची आहेत. मराठी समजतात, पण बोलत नाहीत. दोष त्यांचा नाही. भाषा गुणसूत्रांतून जात नाही. ती कोणीतरी रोज बोलावी लागते. ही नात आजीच्या पाठीपाठी वाढली, म्हणून तिच्या तोंडी आजीच्या म्हणी आहेत. त्यांना ग्वाल्हेरच्या हिंदीचा हेलही आहे, आणि आजीला तो कधी खटकला नाही. आपण उलटेच करीत आलो. जे शिकवून द्यायचे ते रक्तातून आपोआप उतरेल असे समजलो, आणि जे वेगळेच असायचे ते आपल्यासारखे व्हावे म्हणून हट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी मी नातीला बोलावून माझे उत्तर दुरुस्त केले. कोय आणि कलम यांचा दाखला दिला. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "म्हणजे कोणीच कोणाची नक्कल नसते. मग ‘जनन’च बरा. परीक्षेतही तोच चालतो."