वसईचा पडका मठ आणि आपली दफनभूमी



नोव्हेंबर महिना पवित्र ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. उपासनेचे वर्ष संपत आलेले असते आणि याच दिवसांत येरुशलेमच्या मंदिराविषयीचे शुभवर्तमान आपल्या कानी पडते. सुंदर दगडांनी सजलेल्या त्या मंदिराचे लोक कौतुक करीत होते. येशूने मात्र त्यांना सांगितले की, यातला एकही चिरा जाग्यावर राहणार नाही. पुढे इ. स. 70 मध्ये रोमी सैन्याने ते मंदिर उद्ध्वस्त केले.

या शुभवर्तमानाचा अर्थ समजून घ्यायला आपल्याला येरुशलेमपर्यंत जायला नको. आपल्याच महाराष्ट्रात, समुद्राकाठी वसईचा किल्ला आहे. 1534 साली गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. फ्रान्सिस्कन, येशूसंघीय आणि डॉमिनिकन व्रतस्थांनी तेथे मोठमोठे मठ आणि चर्च बांधली. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने किल्ला जिंकला. आज त्या मठांवर छप्पर नाही. भिंतींतून झाडांची मुळे खाली उतरली आहेत.

फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये गेले की पायाखाली थडगीच थडगी लागतात. शिळांवर पोर्तुगीज अक्षरे आणि घराण्यांची चिन्हे कोरलेली आहेत. ही त्या काळच्या मानकऱ्यांची घराणी. वेदीजवळ जागा मिळावी, नाव कायम राहावे, ही त्यांची इच्छा होती. आता पावसाने आणि लोकांच्या पायांनी कित्येक अक्षरे झिजली आहेत. जी शाबूत आहेत, ती वाचू शकणारे आपल्यात किती असतील?

किल्ल्याबाहेर कोळी आणि शेतकरी ख्रिस्ती राहत होते. त्यांच्या नशिबी अशा शिळा नव्हत्या. परंतु पराभवानंतर मानकरी निघून गेले आणि हे साधे लोक आपल्या होड्यांपाशी व वाड्यांपाशी राहिले. गोव्याकडच्या देशी धर्मगुरूंनी त्यांची सेवा केली. त्यांच्या घरांतील प्रार्थना थांबली नाही. 1998 साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तो या लोकांच्या श्रद्धेवर उभा आहे.

याच वसईत सोळाव्या शतकाच्या मध्यास गोन्सालो गार्सिया जन्मले. येशूसंघीयांबरोबर ते जपानला गेले, पण त्या संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. त्यांनी व्यापार केला आणि शेवटी मनिला येथे ते फ्रान्सिस्कन बंधू झाले. ते धर्मगुरू नव्हते. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मारण्यात आले. 1862 साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले. वसईत त्यांचे थडगे नाही, परंतु त्यांचे नाव आज जगभरच्या वेदींवर घेतले जाते. आणि घराण्याची चिन्हे कोरून घेणाऱ्यांना मात्र कोणी ओळखत नाही.

मग थडग्याला काहीच किंमत नाही का? तसे नाही. मृतांना मूठमाती देणे हे दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक आहे. आपल्या प्रियजनांचे देह स्नानसंस्काराने पवित्र झालेले होते आणि ते पुनरुत्थानाची वाट पाहत आहेत. म्हणून कबर स्वच्छ ठेवणे ही श्रद्धेची खूण आहे. पण कबरीची शोभा म्हणजे श्रद्धा नव्हे. संत अगस्तीनची आई संत मोनिका घरापासून दूर, ऑस्तिया बंदरात आजारी पडली. आपल्याला मायदेशी पुरावे, हा हट्ट तिने सोडून दिला. देह कुठेही ठेवा, पण वेदीपाशी माझी आठवण करा, एवढेच तिने मुलांकडे मागितले.

बंधुभगिनींनो, आपल्या भंडारा जिल्ह्यापासून समुद्र फार लांब आहे, पण प्रश्न तोच आहे. आपल्या दफनभूमीत एका कबरीवर संगमरवर आहे आणि शेजारी नुसता मातीचा उंचवटा. पावसाळ्यात लाकडी क्रूस कुजतो, गवत माजते. मुले नागपूर-पुण्याला कामाला गेलेली. दगड बसवता आला नाही म्हणून कोणी मनातल्या मनात झुरते, तर कोणी धान विकण्याआधीच उसनवारी करते. आम्ही आपणांस कळकळीने सांगतो, आईवडिलांच्या कबरीसाठी कर्ज काढू नका. त्या पैशाने नातवंडांची फी भरा, आईवडिलांना ते अधिक आवडेल. आणि कबरीवर संगमरवर बसवून त्याच आईवडिलांच्या बांधासाठी दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नसतील, तर तो दगड कोणाच्या मानासाठी बसवला, याचा विचार करा.

या महिन्यात आपण दोन गोष्टी करू या. आपल्या घरच्या कबरीबरोबर शेजारची, जिला कोणी वाली नाही अशी एक कबर साफ करू या. आणि मृतांच्या यादीत आपल्या माणसांची नावे लिहिताना, ज्याच्याशी आपले बोलणे तुटले आहे त्याच्या घरचेही एक नाव लिहू या, म्हणजे मिस्सामध्ये दोन्ही नावे एकत्र वाचली जातील.

हे प्रभू, ज्यांची नावे दगडावर आहेत आणि ज्यांची नाहीत, त्या सर्वांना सार्वकालिक विश्रांती दे. आमेन.