थर्मोकोलचे विमान



‘थ्री इडियट्स’ (२००९) मधला जॉय लोबो आपल्याला आठवत असेल. पडद्यावर उडालेले त्याचे ते चार पंख्यांचे यंत्र आयआयटी मुंबईच्या मुलांनी काढलेल्या आयडियाफोर्ज कंपनीचे होते. पुढे याच कंपनीची टेहळणीची ड्रोन सैन्यात गेली. आपल्या शेजारच्या नागपुरात बनणारे ‘नागास्त्र-१’ तर स्फोटके घेऊन थेट लक्ष्यावर आदळते. जून २०२४ मध्ये अशी १२० सैन्याला मिळाली.

मी थर्मोकोलची विमाने उडवणारा माणूस. बातमी वाचून आधी अभिमानच वाटला. देशाचे रक्षण पाप नव्हे. जवानाऐवजी यंत्र पुढे गेले तर बरेच. पण युक्रेनच्या युद्धात शौकिनांचीच छोटी ड्रोन एकेकट्या माणसाचा पाठलाग करताना पाहिली. चालवणाऱ्याला तो पळताना दिसतो. त्याची बोटे कदाचित माझ्यासारखीच खेळता खेळता तयार झालेली. हे काही केल्या मनातून जात नाही.

परवा धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या एका मुलाने विचारले, “काका, याला बॉम्ब लावता येतो का?”

“येतो,” म्हणालो. खोटे कसे सांगणार? मग रिमोट त्याच्या हातात दिला.