तिष्ठणे आणि तिष्ठत ठेवणे

आमच्या देवळात सकाळची पूजा आटोपली की देवापुढे ठेवण्यासाठी मंडळी ज्या वस्तू आणतात, त्यांत अलीकडे एकीची भर पडली आहे. लग्नपत्रिका, नव्या घराची किल्ली, दुकानाची वही ही पूर्वापार चालत आलेली. आता त्यांच्या जोडीला परदेशी कचेरीचा कागद येतो. वडील तो तबकात घेऊन देवाच्या पायांशी टेकवितात, वर तुळशीपत्र ठेवतात आणि परत देतात. कागद इंग्रजीत असल्याने तेथून तो माझ्याकडे येतो. माझे शिक्षण शाळेपुढे गेले नाही. तरी अक्षरे लागतात, आणि मंडळींना तेवढे पुरते. या कामातून जो एक प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला, तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हे लिहीत आहे. प्रश्न असा: वाट पाहणाऱ्याला आपण काय देणे लागतो?

बडोद्यातील आपली घराणी कोकणातून आणि देशावरून येथे आली, ती गायकवाड सरकारच्या चाकरीच्या आशेने. कोणा नातलगाच्या शब्दाखेरीज जवळ काही नसे. माणूस निघे आणि पोचे. त्यांच्याच पणतवंडांना आज सख्ख्या बहिणीजवळ राहावयास जाण्यासाठी अर्धे आयुष्य थांबावे लागते, हे ऐकून त्या पूर्वजांना हसू येईल की रडू, मला सांगता येत नाही.

तरीही जे खरे ते मान्य केले पाहिजे. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या भावाबहिणींनी आपल्या भावंडांसाठी अर्ज करावा, ही सोय तेथील 1965 च्या कायद्याने आपल्या लोकांस खऱ्या अर्थाने खुली झाली. त्यापूर्वी, 1946 च्या कायद्याने, हिंदुस्थानातून वर्षाकाठी अवघ्या शंभर माणसांस स्थायिक होण्याची मुभा होती. आज भावंडांच्या वर्गासाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला 65,000 जागा आहेत, आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्यास एकूण संख्येच्या 7 टक्क्यांहून अधिक जाऊ नये असा दंडक आहे. देश चिमुकला असो वा आपल्याएवढा, मर्यादा एकच. मागणारे फार आणि द्यावयाचे थोडे, म्हणून रांग वाढते. 2024 साली आपल्या देशातील ज्या अर्जांचा क्रम लागत होता, ते 2005 च्या अखेरचे आणि 2006 च्या आरंभीचे होते. या दिरंगाईत कोणा कारकुनाचा दुष्टपणा नाही. पंगत मोठी आणि भात मोजका असेल, तर वाढप्यावर रागावून काय उपयोग?

परंतु दिरंगाई वेगळी आणि मौन वेगळे. माझ्या अनुभवात मंडळी थकतात ती दुसऱ्या गोष्टीने. पत्र पाठवावे, तर महिनोन्‌महिने उत्तर नाही. आले तर छापील, विचारलेले एक आणि सांगितलेले दुसरे. 2020 च्या मार्चमध्ये महामारीमुळे नेहमीच्या मुलाखती थांबल्या, एप्रिलमध्ये तेथील अध्यक्षांच्या आदेशाने असले बहुतेक व्हिसे देणेच स्थगित झाले, आणि तो आदेश 2021 च्या फेब्रुवारीत मागे घेतला गेला. त्या काळात आमच्याकडे येणाऱ्या एका वृद्ध बाई दर गुरुवारी एकच विचारीत, “नाही म्हणाले का हो? नाही म्हणाले असतील तर तसे सांगा.” नकाराची त्यांना भीती नव्हती.

देवळाच्या आवारात वाढल्यामुळे निष्काम कर्माचा उपदेश मी इतरांहून अधिक वेळा ऐकला आहे. अर्ज करणे आपल्या हाती, फळ आपल्या हाती नाही, हे खरेच आहे. मात्र हा उपदेश वाट पाहणाऱ्याने स्वतःच्या मनाला करावयाचा आहे. ज्याच्या हाती फळ आहे, किंवा निदान फळाची बातमी आहे, त्याने तो दुसऱ्यास ऐकविला तर ती केवळ अंग चोरण्याची युक्ती होते. आपल्या पुराणांत थांबणारे पुष्कळ आहेत. पण नीट पाहिले तर त्यांना कोणी अंधारात ठेवलेले नाही. शबरीला मतंग ऋषींचा शब्द होता. भरताला चौदा वर्षांची मुदत ठाऊक होती, आणि ती टळली तर अग्निप्रवेश करीन अशी त्याची प्रतिज्ञा होती. म्हणूनच राम परतताना भरद्वाजांच्या आश्रमात थांबला तेव्हा त्याने हनुमंतास पुढे नंदिग्रामास धाडले. रावणाला मारून आलेल्या पुरुषाला आपण पोचण्याआधी आपली बातमी पोचावी याची काळजी वाटली. आणि आपला विठोबा तर थांबणाऱ्यांचा राजा. पुंडलिकाने देवाला ताटकळत ठेवले यात शंका नाही. पण त्याने मागे वळून वीट फेकली. थांब म्हटले, का थांबावयाचे ते सांगितले, आणि उभे राहण्यापुरती जागा दिली. ती वीट नसती तर त्या कथेत भक्ती उरली नसती, नुसता उद्धटपणा उरला असता.

येथवर लिहिणे सोपे होते, कारण दोष दुसऱ्याचा होता. आता माझा सांगतो.

आमच्या सभासदांपैकी एका गृहस्थांसाठी त्यांच्या बहिणीने 2007 च्या जानेवारीत अर्ज केला. तो मंजूर होण्यासच चार वर्षे लागली. त्यांना एकच मुलगी, 2000 सालच्या पावसाळ्यात जन्मलेली. कायदा असा, की आईबापांबरोबर जाणारे अपत्य अविवाहित आणि 21 वर्षांखालील असावे. 2002 मध्ये त्यात दयेची एक तरतूद झाली: अर्ज मंजुरीविना जितका काळ पडून राहिला, तितका मुलाच्या वयातून वजा करावयाचा. म्हणजे या मुलीला वयाची पंचविशी पुरी होईपर्यंत अवधी होता. तोवर तारीख आली तर ती जाणार, न आली तर राहणार. आणि मध्यंतरी लग्न झाले तरी राहणार. मागाहून आईबापांना तिच्यासाठी निराळा अर्ज करता येतो, पण ती रांग पुन्हा शेपटापासून सुरू होते.

या तारखांचे पत्रक तेथील परराष्ट्र खाते दरमहा प्रसिद्ध करते. 2015 च्या ऑक्टोबरपासून त्यात दोन कोष्टके असतात. पहिल्यातील तारीख प्रत्यक्ष व्हिसा देण्याची. दुसऱ्यातील केवळ कागदपत्रे दाखल करण्यास प्रारंभ करण्याची, म्हणून ती पुढची असते. गृहस्थांचे डोळे अधू झालेले. दर महिन्याला ते येत, मी पहिल्या कोष्टकातील तारीख वाचीत असे, आणि ते ती एका वहीत पेन्सिलीने टिपून घेत. तारीख कधी दोन आठवड्यांनी पुढे सरके, कधी मुळीच सरकत नसे.

2024 च्या दिवाळीत ते आले तेव्हा फार खचलेले दिसले. पहिल्या कोष्टकात 2006 सालातील आरंभीचे महिने होते, दुसऱ्यात त्याच सालाचा उत्तरार्ध. मी दुसऱ्यातील तारीख वाचली. कोणत्या कोष्टकातील हे त्यांनी विचारले नाही, मी सांगितले नाही. त्यांचा चेहरा उजळला, आणि मला वाटले की आपण पुण्य केले. वाचलेला शब्दन्‌शब्द खरा होता, छापील होता. धर्मराजाने अश्वत्थाम्याविषयी जे सांगितले तेही शब्दशः खरेच होते, आणि त्याचा रथ जमिनीला टेकला तो त्यानंतर. सत्य बोलावे, प्रिय बोलावे, येथवरचे सुभाषित आपणा सर्वांस पाठ असते; प्रिय असले तरी असत्य बोलू नये, हे त्याचेच पुढचे अंग तेवढे आपण गाळतो.

मार्गशीर्षात त्या मुलीस इंदूरच्या एका चांगल्या घरातून स्थळ सांगून आले. मुलगा शिकलेला, माणसे सालस, पत्रिकाही जुळत होती. गृहस्थांनी माझ्या तारखेवरून हिशेब केला, अवघे काही महिने उरले असे धरले, आणि इंदूरकरांस “जरा थांबा” एवढेच कळविले. किती थांबावयाचे, कशासाठी, हे कळविले नाही; परदेशाची गोष्ट आधी बोलू नये, दृष्ट लागते, ही समजूत. ती मंडळी थांबली. त्यांनी दोनदा विचारले, दोन्ही वेळा “कळवितो” असे उत्तर गेले. पाडव्यापर्यंत वाट पाहून त्यांनी दुसरीकडे बोलणी सुरू केली. जो मनुष्य अठरा वर्षे कचेरीच्या मौनाविषयी तळमळत होता, तो तीन महिने इंदूरच्या त्या घरासाठी स्वतःच कचेरी झाला होता. त्याला तसे करणारा मी होतो.

हे मी वडिलांना सांगितले. ते त्या वेळी निर्माल्य काढीत होते. एवढेच म्हणाले, “तारीख पुढे नेणे तुझ्या हाती नव्हते. कोष्टक कोणते ते सांगणे होते. आज जा.”

मी गेलो. गृहस्थांनी सारे ऐकून घेतले. रागावतील असे वाटले होते, ते रागावले नाहीत, वही मात्र पुढे केली आणि म्हणाले, “दिवाळीपासूनचे आकडे खोडून खरे घाल.” मी खोडू लागलो, इतक्यात मुलगी आतून आली. ती म्हणाली, “बाबा, मला हे ठाऊक होते. मी दर महिन्याला फोनवर दोन्ही कोष्टके पाहते.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हाला बरे वाटत होते. आणि इंदूरच्या बाबतीत मला तरी कोणी विचारले?”

या प्रश्नाला आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हते. एका घरात तिघे वाट पाहत होते, आई धरून, आणि प्रत्येकाने दुसऱ्याला जपण्यासाठी तोंड मिटले होते. बाहेरचे मौन घरात शिरते ते असे, मायेच्या पावलांनी. ते कठोरपणाने आले असते, तर कोणीतरी दार लावले असते.

कोणी विचारील, आशाही देऊ नये काय? मला वाटते, आशा आणि बातमी या दोन वस्तू आहेत, आणि त्या एकाच हाताने देताना मिसळतात. ज्याच्याकडे बातमी आहे त्याने प्रथम बातमी द्यावी; आशा माणसे आपली आपण करून घेतात, त्या बाबतीत कोणी दरिद्री नाही. आणि वाट पाहताना करण्याजोगे खरे काम पुष्कळ असते. आपल्याकडे लग्नात सुनेचे नाव बदलतात. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरे. ती एकच बाई आहे हे सिद्ध करण्याचे कागद आधीच करून ठेवावेत. जुन्या माणसांच्या जन्माची नोंद पुष्कळदा नसतेच. मग नोंद नसल्याचा दाखला आणि जन्म ठाऊक असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे लागतात. हे काम कोणी लांबणीवर टाकू नये, कारण रांग हळू चालते आणि साक्षीदार थांबत नाहीत. आमच्या पाहण्यातील एका घरात जन्माची साक्ष देणारी एकुलती एक आत्या, मुलाखतीचे बोलावणे येण्याच्या आदल्या वर्षीच गेली. तसेच, जुना वाडा सोडून नव्या घरात गेल्यावर पत्ता कळवावयाचे राहून जाते. क्रम लागल्याची सूचना आल्यावर वर्षभर काहीच हालचाल झाली नाही, तर अर्जाची नोंद रद्द होऊ शकते. आणि सूचना ओस पडलेल्या वाड्याच्या दारात पडून राहिली, तर त्या मौनाचा दोष आपलाच.

2025 च्या पावसाळ्यात त्या मुलीने पंचविसावे वर्ष पुरे केले. तारीख तेव्हा 2006 मध्येच होती. आता आईबापांनी पुढे जावे की नाही, यावर त्या घरात बोलणे चालते, आणि मोठ्याने चालते. शेजाऱ्यांना ऐकू येते असे गृहस्थ जरा संकोचाने सांगतात.

त्या दिवशी वही दुरुस्त झाल्यावर त्यांनी माझ्याकडून इंदूरकरांना एक पत्र लिहवून घेतले. स्थळ पुन्हा मागण्याचा त्यात हेतू नव्हता. तुम्हाला का थांबविले, किती थांबावे लागेल हे आम्हालाच कसे कळत नव्हते, आणि तेही तुम्हाला सांगावयास हवे होते, एवढेच त्यात होते. मुलीने ते वाचले, एक शब्द बदलला आणि पाकीट स्वतः टपालात टाकले. वहीत आता दर महिन्याला दोन रकाने असतात. दुसऱ्या रकान्याच्या माथ्यावर “ही आपली नव्हे” असे तिने शाईने लिहून ठेवले आहे.