रखमाबाईंच्या खटल्यात परकीय कोण होते?

समलिंगी विवाहाला कायद्याने मान्यता द्यावी का, हा प्रश्न निघाला की एक उत्तर तयारच असते: विवाह हा आपल्याकडे संस्कार आहे, तो हजारो वर्षे जसाच्या तसा चालत आला आहे आणि त्यात बदल मागणारा विचार बाहेरून आलेला आहे. सर्वोच्च न्यायालयापुढे केंद्र सरकारनेही ही मागणी भारतीय कुटुंबसंकल्पनेत बसत नाही, ती शहरी उच्चभ्रूंची आहे, असे सांगितले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी घटनापीठाने मान्यता नाकारून विषय कायदेमंडळावर सोडला. पण संसद ज्या दिवशी हा विषय हाती घेईल, त्या दिवशी तिच्यासमोर खरा इतिहास असायला हवा. आपला विवाहाचा कायदा परंपरेतून आपोआप उगवलेला नाही. तो राज्याने घडवला आहे, आणि तो घडत असताना परंपरेच्या नावाने ज्याचे रक्षण झाले, ते बरेचदा परंपरेतले नव्हतेच.

१८७२ चा नोंदणी विवाहाचा कायदा, १८९१ चे संमतिवयाचे बिल, आंबेडकरांचे हिंदू कोड बिल, १९५४ चा विशेष विवाह कायदा, १९५५ चा हिंदू विवाह कायदा हे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत. वाचनात चूक होते ती रखमाबाईंच्या खटल्यात. एका बाजूला इंग्रजी शिक्षणाने बदललेली तरुणी, दुसऱ्या बाजूला हिंदू धर्म, अशी त्याची मांडणी शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेली आहे. कागदपत्रे वेगळेच सांगतात. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई नवऱ्याकडे नांदायला गेल्याच नव्हत्या. १८८४ मध्ये त्यांचे पती दादाजी भिकाजींनी वैवाहिक हक्कांसाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. त्यांचे एक मुख्य कारण असे, की बायकोला न्यायालयामार्फत नांदायला लावण्याचा हा उपाय हिंदू धर्मशास्त्रातला नाही, तो इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतून इथे आलेला आहे. म्हणजे इंग्रज न्यायाधीश हिंदू कायद्याचा आधार घेत होता, आणि टिळकांसह सनातनी पक्ष धर्मरक्षणाच्या नावाने इंग्रजी चर्चचा उपाय उचलून धरत होता. अपिलात निकाल फिरला. १८८७ मध्ये रखमाबाईंना नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम झाला. असा हुकूम मोडल्याबद्दलची कैद खुद्द इंग्लंडने १८८४ मध्येच रद्द केली होती. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, पण तो उपाय इथेच राहिला. १९५५ च्या कायद्याचे नववे कलम म्हणजे तोच उपाय. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे ३७७ वे कलमही १८६० च्या इंग्रजी दंडसंहितेतलेच. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते २०१८ मध्ये निष्प्रभ झाले.

यावर आक्षेप असा, की संमतिवय असो वा घटस्फोट, प्रत्येक सुधारणेत स्त्री-पुरुष ही जोडी कायम होती. इथे ती जोडीच बदलते. हा फरक मोठा आहे, हे मान्य करायलाच हवे. पण ती जोडी का हवी, याचे उत्तर अपत्यप्राप्ती असेल, तर कायदा ती अट कुणालाच घालत नाही. साठीत लग्न करणाऱ्यांना तो अडवत नाही आणि मूल झाले नाही म्हणून घटस्फोटही देत नाही. १९५५ च्या कायद्यातल्या अटी पाहिल्या तर एकपत्नीत्व आणि एकपतित्व, संमती देण्याइतके मन सुस्थितीत असणे, वय आणि नात्यातले अंतर एवढेच प्रश्न तो विचारतो. त्यांतला एकपत्नीत्वाचा नियम हिंदू पुरुषांवर मुंबई इलाख्यात १९४६ मध्ये कायद्याने लादला गेला, आणि तेव्हाही धर्म बुडाल्याची ओरड झालीच. दुसरा आक्षेप, की हे काम न्यायालयाचे नाही, संसदेचे आहे. तो ग्राह्य धरू. मग संसदेने ते करावे. न्यायालयाने तिच्याकडे बोट दाखवायचे आणि सरकारने संस्काराकडे, याला निर्णय म्हणता येत नाही. दोन सज्ञान माणसांनी स्वखुशीने एकमेकांची जबाबदारी स्वीकारावी आणि राज्याने वारसा, पेन्शन, रुग्णालयातली संमती यांसाठी तिची नोंद घ्यावी, एवढीच ही मागणी आहे. ज्या दीडशे वर्षांत राज्याने विवाहाचे नियम पुन्हा पुन्हा लिहिले, त्यांच्याकडे पाहता ती नाकारण्याचे कारण परंपरा असू शकत नाही. नाकारणाऱ्यांनी दुसरे कारण द्यावे, आणि ते संसदेत उघडपणे मांडावे.