फळ आधीच मोजलेलं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात फाउंड्रीचे हिशेब लिहिताना मी गीतेतल्या फलत्यागावर अडतो. उदाहरण घ्या: 1981 साली पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसचा नफा 2003च्या एप्रिलमध्ये वाढलेलाच होता. पण पुढच्या वर्षाचा अंदाज विश्लेषकांच्या अपेक्षेहून कमी निघाला आणि शेअर एका दिवसात पाव हिश्शाहून जास्त कोसळला. कर्म झालं, फळही मिळालं. मग शिक्षा कशाची? भावात उद्याचं फळ आधीच धरलेलं असतं. बाजार फक्त अपेक्षेतला फरक चुकता करतो. भजनी मंडळातले अण्णा म्हणतात, फलाशा सोड. अहो, शेअर म्हणजेच फलाशा, ती सोडून भाव ठरवायचा कशावर? आणि गीतेत फलाशा सोडायला सांगणाऱ्या त्याच दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला लोक काय म्हणतील याची भीतीही घालतो, ते अण्णा सांगत नाहीत.