श्रम कोणासाठी?



बडोद्याजवळच्या नंदेसरीत रसायनांचे कारखाने आहेत. तेथील रात्रपाळी आटोपून एखादा बंधू उपासनेस आला, तर आपण त्याला काय विचारतो? "नोकरी कायम झाली का? पगार किती?" त्याच्या छातीची, त्याच्या विसाव्याची चौकशी आपण क्वचितच करतो.

पोप दुसरे जॉन पॉल तरुणपणी असेच मजूर होते. क्राकोव येथे त्यांनी आधी दगडाच्या खाणीत, मग सॉल्वेच्या रसायन कारखान्यात काम केले. पुढे ते तत्त्वज्ञानाकडे वळले. थॉमस अक्वायनसचा त्यांनी अभ्यास केला, आणि जर्मन तत्त्वज्ञ मॅक्स शेलर याच्या नीतिविचारावर प्रबंध लिहिला. माणूस हा व्यक्ती आहे, वापरण्याची वस्तू नव्हे, ही त्यांची धारणा झाली. १९८१ साली 'लाबोरेम एक्सेर्सेन्स' या पत्रात त्यांनी हेच मांडले : श्रमाची थोरवी मालावरून नव्हे, तर श्रमणाऱ्या माणसावरून ठरते.

पोपच्या अधिकाराविषयी आपला मतभेद आहेच. म्हणून हे सत्य आपण नाकारावे काय? प्रभूने शब्बाथाविषयी हेच शिकविले होते, आणि अडवून ठेवलेल्या मजुरीचा आक्रोश याकोबाने ऐकविला आहे. वचन आपल्या हाती असूनही कामगाराचा विसर आपल्यालाच पडला, ही लाजेची गोष्ट आहे.

आपल्यांत कोणी ठेकेदार असेल, कोणी सुपरवायझर. येत्या रविवारी प्रभुभोजनाच्या मेजाजवळ येण्यापूर्वी आपण एवढेच पाहू या : आपल्या हाताखालच्या माणसाची मजुरी पोहोचली का? आणि त्याला विसावा मिळाला का?